आवाजाची पारख

स्मरणिकेसाठी लेख पाठवावा, असे संपादक मंडळाचे पत्र आले तेव्हा आम्हा तिघांनी मिळून एकच लेख लिहिण्याची परवानगी मागितली आणि मंडळाने ती मोठ्या मनाने दिली. शाळेचे दिवस, गुरुजनांचे ऋण, वसतिगृहातील सुखदुःखे यांवर इतर माजी विद्यार्थी लिहितीलच, आणि आमच्याहून सरस लिहितील. आमचा विषय थोडा निराळा आहे. घरी बसून गाणे ऐकण्याची जी यंत्रे असतात, त्यांतील ॲम्प्लिफायर आणि स्पीकर यांची पारख आम्ही गेल्या वर्षी सलग चार महिने, दर रविवारी केली. हा तर श्रीमंतांचा छंद, आपल्याला त्याचे काय, असे काही पालक म्हणतील. परंतु या पारखीत जे अखेरीस हाती लागले ते कारखान्यात उभी हयात घालवलेल्या कोणत्याही घराशी संबंधित आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही तिघेही एकाच तुकडीचे. एकाने बँकेत नोकरी केली, दुसऱ्याने प्रयोगशाळांतील उपकरणे दुरुस्त करण्यात उमेदीची वर्षे घालवली आणि तिसरा भोसरीजवळच्या एका कारखान्यात, प्रेस शॉपमध्ये, 28 वर्षे राबला. या तिसऱ्या मित्राने स्वेच्छानिवृत्ती घेतली. घराचे कर्ज फिटले, मुलीच्या शिक्षणाची रक्कम बाजूला निघाली आणि त्याच्या हाती, आयुष्यात प्रथमच, कोणाचाही हक्क नसलेले साडेतीन-चार लाख रुपये उरले. नेमके त्याच सुमारास परदेशी स्थायिक व्हायला निघालेल्या एका परिचितांनी आपला ॲम्प्लिफायर विकायला काढला. क्लास ए जातीचा, परदेशी बनावटीचा, दोघांनी मिळून उचलावा एवढा जड. मागणी साडेतीन लाखांची. गृहस्थ सज्जन होते. ‘दोन महिने घरी ठेवा, ऐका, मग काय ते सांगा,’ असे म्हणून त्यांनी तो आमच्या स्वाधीन केला.

या मित्राची चांगल्या आवाजाची ओढ जुनी आहे. वाचकांना आठवत असेल, वसतिगृहाच्या गच्चीवर भोंगा होता. पहाटेची वंदना त्यातून येई आणि 14 एप्रिलच्या आधीचा आठवडाभर प्रल्हाद शिंदे यांच्या कॅसेटीही त्यातूनच वाजत. भोंगा बनवलेला असतो तो बोलणे दूरवर पोहोचवण्यासाठी. खालचे सूर त्यातून निघतच नाहीत. ढोलकीची चाट तेवढी ऐकू येई, धूम नाही. सातवीच्या सुट्टीत एका लग्नघरी लाकडी पेटीच्या मोठ्या स्पीकरवर त्याने तेच गाणे ऐकले आणि ढोलकीला दुसरी बाजूही असते हे आपल्याला तेव्हा कळले, असे तो आजही सांगतो. अशा माणसाने आपल्या कष्टाच्या पैशांचे काय करावे, हे सांगण्याचा अधिकार इतर दोघांना नव्हता. पैसे देण्यापूर्वी नीट ऐकावे आणि ऐकताना किंमत डोळ्यांसमोर नसावी, एवढे मात्र तिघांचेही ठरले.

ॲम्प्लिफायर काय करतो ते आधी थोडक्यात सांगितले पाहिजे. सीडी प्लेयरमधून किंवा संगणकाला जोडलेल्या पेटीतून जो विद्युत्‌संकेत येतो तो एक-दोन व्होल्टचा असतो, पण स्पीकरचा कागदी शंकू पुढेमागे ढकलण्याची ताकद त्याच्यात नसते. ॲम्प्लिफायर त्या संकेताचा आकार जसाच्या तसा ठेवून त्याला मोठा करतो आणि त्यामागे विजेचा प्रवाह उभा करतो. ‘जसाच्या तसा’ या शब्दांतच सारी स्पर्धा आहे. क्लास ए जातीत ट्रान्झिस्टर अखंड वाहत ठेवलेले असतात; आवाज असो वा नसो, वीज जळतच असते. आमच्याकडे आलेला हा पाहुणा नुसता चालू ठेवला तरी सुमारे 250 वॅट घेत असे, म्हणजे चार तासांना एक युनिट, आणि खोली तापे ती वेगळीच. क्लास एबी जातीत ट्रान्झिस्टर आळीपाळीने काम करतात, त्यामुळे वीज पुष्कळ वाचते. क्लास डी त्याहून काटकसरी. त्यात संकेताचे अतिजलद उघडझाप करणाऱ्या स्पंदांत रूपांतर होते आणि ऊर्जेचा बहुतांश भाग स्पीकरपर्यंत पोहोचतो. पाहुण्याशी तुलना करायला आमच्याकडे 20 वर्षांपूर्वीचा एक एबी जातीचा ॲम्प्लिफायर होता. आमच्या उपकरणवाल्या मित्राने तो भंगारात निघालेला आणून, त्यातील वाळलेले कपॅसिटर बदलून उभा केला होता. खर्च साडेचार हजार.

पहिल्या रविवारी काहीही न मोजता ऐकले. किशोरी आमोणकरांचा भूप लावला. जुन्यावर ऐकला, मग पाहुण्यावर ऐकला, आणि तिघांचे एकमत झाले की पाहुण्यावर गाणे अधिक जवळचे, अधिक भरीव वाटते. तंबोरा जणू खोलीत आहे. मित्राचे डोळे चमकले. त्याच वेळी उपकरणवाल्याने मीटर काढला.

दोन्ही यंत्रांना एकच संकेत दिला असता पाहुणा त्याच्या 28 पट व्होल्ट देत होता आणि जुना 20 पट. डेसिबलच्या भाषेत 29 आणि 26. तीन डेसिबलांचा फरक म्हणजे स्पीकरला दुप्पट शक्ती. माणसाच्या कानाची गंमत अशी की, आवाज थोडासाच वाढला तर तो वाढला असे वाटत नाही, सुधारला असे वाटते. 1933 साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवून दिले की हळू आवाजात आपला कान खालच्या सुरांना फार कमी दाद देतो आणि आवाज वाढला की ते सूर भरून येतात. दुकानातील विक्रेता महाग यंत्र दाखवताना खुंटी अंमळ पुढे सरकवतो, त्याचे रहस्य हेच. सगळेच विक्रेते असे करतात असे नव्हे; पण बरोबर मीटर नेणारे गिऱ्हाईक मात्र आम्ही आजवर पाहिलेले नाही.

म्हणून दुसऱ्या रविवारपासून नियम घातला. स्पीकरच्या खिळ्यांवर मीटर लावून दोन्ही यंत्रांची पातळी 2.00 व्होल्टवर आणायची. एक शतांशाहून अधिक फरक चालायचा नाही. व्होल्टमधला एक शतांश म्हणजे एका डेसिबलच्या दहाव्या भागाहूनही कमी. उपकरणवाल्याने रिलेची एक पेटी तयार केली, जी एक यंत्र पूर्ण सोडल्यावरच दुसरे जोडते, कारण दोन ॲम्प्लिफायरांची तोंडे क्षणभर जरी एकत्र आली तरी एखादा जळू शकतो. समोर चादरीचा पडदा. पडद्यामागे बँकवाल्या मित्राची मुलगी, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकणारी. ती नाणे उडवून कोणते यंत्र लावायचे ते ठरवी, वहीत टिपून ठेवी आणि शेवटपर्यंत काही बोलत नसे. प्रत्येकाने 16 वेळा ओळखायचे. नुसत्या अंदाजाने सरासरी 8 उत्तरे बरोबर येतात. 12 किंवा अधिक आली तर ते निव्वळ दैव नव्हे असे मानायला जागा आहे, कारण तसे दैवाने घडण्याची शक्यता शंभरात चारांच्या आत आहे.

पातळी न जुळवता घेतलेल्या फेरीत तिघांनाही 15 किंवा 16 गुण पडले. पातळी जुळवल्यावर 9, 7 आणि 8. पुढच्या रविवारी गाणी बदलली, मल्लिकार्जुन मन्सूर लावले, विठ्ठल उमपांची खडी आवाजी लावली, नुसता तंबोरा लावला. आकडे त्याच घरात फिरत राहिले. मधल्या एका रविवारी कोणाकडून तरी व्हॉल्व्हचा एक ॲम्प्लिफायर मागून आणला होता. तो मात्र ओळखू आला. त्याचे कारण सरळ आहे: स्पीकरचा विद्युत्‌रोध प्रत्येक सुराला वेगळा असतो, कुठे 4 ओहम तर कुठे 20, आणि ज्या यंत्राचा स्वतःचा आंतरिक रोध एक-दोन ओहम असतो त्याचा आवाज त्या चढउतारांबरोबर वाकतो. कोणाला तो बाक गोड लागतो. त्याला आमची हरकत नाही, फक्त त्याला शुद्धता म्हणू नये.

हा निष्कर्ष आमचाच आहे असेही नाही. इंग्लंडमध्ये क्वाड कंपनीच्या पीटर वॉकर यांच्या तीन ॲम्प्लिफायरांची अशीच पडद्याआड तुलना झाली होती. एक 1953 चा व्हॉल्व्हचा, दुसरा 1967 चा, तिसरा 1975 चा. अनुभवी श्रोत्यांना ते ओळखता आले नाहीत आणि तो वृत्तांत 1978 साली ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात आला. पुढे 1985 मध्ये अमेरिकेत बॉब कार्व्हर या अभियंत्याने ‘स्टिरिओफाइल’ मासिकाला आव्हान दिले आणि आपला स्वस्त ॲम्प्लिफायर काही दिवसांत असा जुळवून आणला की एका महागड्या ॲम्प्लिफायरपासून तो संपादकांना वेगळा काढता आला नाही. या गोष्टी चाळीस वर्षांहून जुन्या आहेत, तरी साडेतीन लाखांचा बाजार काही थांबलेला नाही. ज्यांना देखणे, टिकाऊ, वजनदार यंत्र घरात असावे असे वाटते त्यांनी ते जरूर घ्यावे. घड्याळही माणूस केवळ वेळ पाहण्यासाठी घेत नाही.

आमचा मित्र दोन रविवार फारसा बोलला नाही. मग म्हणाला, “आता दोन-दोन लावून बघू.”

त्याच्या म्हणण्याचा अर्थ असा. अनेक चांगल्या स्पीकरांच्या पाठीवर खिळ्यांच्या दोन जोड्या असतात. एक खालच्या सुरांच्या वूफरची, दुसरी वरच्या सुरांच्या ट्वीटरची, आणि दोन्ही पितळी पट्ट्यांनी जोडलेल्या. पट्ट्या काढून प्रत्येक जोडीला स्वतंत्र ॲम्प्लिफायर लावला की त्याला बाय-ॲम्पिंग म्हणतात. (पट्ट्या काढायला विसरू नये. न काढता दोन यंत्रे जोडली तर त्यांची तोंडे एकमेकांत जातात आणि धूर निघायला वेळ लागत नाही.) आम्ही वूफरला पाहुणा आणि ट्वीटरला जुना असे जोडले, मग उलट जोडले. पाहुणा ट्वीटरवर गेला की सारे विलक्षण स्पष्ट, झळझळीत. पण हे पुन्हा तेच 29 आणि 26 चे प्रकरण. वरचे सूर तीन डेसिबल चढले होते, इतकेच. पातळी जुळवल्यावर झळाळी गेली. तसे होणारच होते, कारण या पद्धतीत सुरांची विभागणी करणारी जाळी, म्हणजे क्रॉसओव्हर, स्पीकरच्या पोटात तशीच राहते. दोन्ही ॲम्प्लिफायर पूर्ण संकेत वाढवत असतात आणि त्यातला नको तो भाग पुढे अडवला जातो. काम वाटून दिल्यासारखे दिसते, प्रत्यक्षात ते फारसे वाटले जात नाही.

खरी विभागणी व्हायची तर जाळी ॲम्प्लिफायरच्या आधी आली पाहिजे. येथून पुढचे दोन महिने आमच्या आयुष्यातील अत्यंत आनंदाचे गेले, हे कबूल करायला संकोच वाटत नाही. पाहुणा त्याच्या मालकाकडे सन्मानाने परत गेला. आम्ही स्पीकर उघडले, आतली कॉइल, कपॅसिटर आणि रेझिस्टर यांची फळी काढून ठेवली आणि वूफर व ट्वीटर यांच्या तारा सरळ बाहेर आणल्या. 25 हजारांच्या आत एक डिजिटल क्रॉसओव्हर मिळाला, त्याच्यासोबत मोजणीचा लहान मायक्रोफोन. वूफरला तोच भंगारातला ॲम्प्लिफायर आणि ट्वीटरला तसाच आणखी एक. ट्वीटरचे काम इतके हलके असते की 30 वॅट त्याला पुरून उरतात.

विभागणी 2,200 हर्ट्झवर ठेवली, सप्तकामागे 24 डेसिबल उताराची. हा उतार लिंकविट्झ आणि रायली या दोन अभियंत्यांच्या नावाने ओळखला जातो. लिंकविट्झ यांचा त्यावरील मूळ लेख 1976 चा आहे. त्याचा गुण असा की सांध्याच्या जागी दोन्ही स्पीकर एकाच पावलाने चालतात आणि बेरीज सपाट येते. पावले जुळली की नाहीत हे पाहण्याची युक्ती उपकरणवाल्याने दाखवली: ट्वीटरच्या तारा मुद्दाम उलट जोडायच्या. जुळणी बरोबर असेल तर आलेखावर सांध्याच्या जागी खोल खड्डा पडतो; जितका खोल खड्डा, तितकी चोख जुळणी. तो खड्डा मिळेपर्यंत आम्ही ट्वीटरचा विलंब सेकंदाच्या लक्षांश भागांनी मागेपुढे करत होतो आणि घरातील मंडळी जेवायला हाका मारत होती. तारा परत सुलट केल्या आणि तंबोरा लावला. तंबोऱ्यासारखा परीक्षक नाही. षड्जाच्या एका तारेवर जवारीमुळे स्वरांश वरपर्यंत चढत जातात, म्हणजे एकच तार वूफरमधून निघून ट्वीटरमध्ये जाते. सांधा उसवलेला असेल तर तार मध्येच तुटते. ती तुटली नाही. आणि ढोलकी लावली तेव्हा धूम खोलीच्या फरशीतून आली. वूफर आणि ॲम्प्लिफायर यांच्यामध्ये आता कॉइल नव्हती, त्यामुळे शंकू थांबायचा तेव्हा थांबत होता.

पडद्याआडच्या परीक्षेत जुनी आणि नवी रचना 16 पैकी 14 वेळा ओळखू आली. मात्र येथे प्रामाणिकपणे सांगायला हवे की, हा विजय ‘दोन ॲम्प्लिफायर’ या गोष्टीचा किती आणि मोजूनमापून सपाट केलेल्या आवाजाचा किती, हे या परीक्षेने वेगळे काढता येत नाही. आमच्या मते दुसऱ्याचा वाटा मोठा.

14 गुण दोघांना पडले. कारखान्यातल्या मित्राला पडले 10. वूफरचा फरक त्याला चटकन कळे, वरच्या सुरांचा कळत नसे.

याचा उलगडा एका मोजणीच्या वेळी झाला. मायक्रोफोन लावून खालपासून वरपर्यंत सरकत जाणारा सूर वाजवत होतो. सूर 4,000 हर्ट्झच्या आसपास पोहोचला तसा तो म्हणाला, “अरे, बंद केलंस का रे?” सूर चालू होता. दोघांच्या कानांना तो टोचत होता. पुन्हा वाजवला, पुन्हा तेच. थोडे वर गेल्यावर त्याला किंचित ऐकू आले, मग पुन्हा नाही. कोणीच काही बोलले नाही. पडद्यामागच्या मुलीने हळूच आवाज बंद केला.

सतत मोठ्या आवाजात काम करणाऱ्याचा कान बहुधा प्रथम याच जागी, 3,000 ते 6,000 हर्ट्झच्या पट्ट्यात मरतो. कानाच्या आतील सूक्ष्म रोमपेशी एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. बोलण्यातील स, श, फ, थ ही अक्षरे ज्यावर ओळखू येतात ते सूर याच प्रदेशात येतात. मित्र नंतर म्हणाला, हल्लीचे गायक शब्द चावतात असे त्याला काही वर्षांपासून वाटत होते, आणि मुलगी तोंडातल्या तोंडात बोलते म्हणून तो तिच्यावर रागावतही असे. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे श्रवणालेख काढला. 25 डेसिबलपर्यंतची घट चालण्यासारखी मानतात. 4,000 वर त्याची डाव्या कानाची घट 55 होती, उजव्याची 50. ज्यांची मुले आज कारखान्यात आहेत त्या पालकांसाठी येथे एक माहिती लिहून ठेवतो. आवाजामुळे येणारे बहिरेपण हा आजार कारखाना अधिनियम, 1948 च्या तिसऱ्या अनुसूचीत नोंदलेला होता. आठ तासांच्या पाळीला 90 डेसिबलची मर्यादा त्याच्या नियमांत होती. कानातले बोळे काही रुपयांना मिळतात, आणि ते घातल्यावर हसणारे सोबती फुकट मिळतात.

बाजूला ठेवलेल्या रकमेतून त्याने श्रवणयंत्रांची जोडी घेतली. साडेतीन लाखांच्या निम्म्याहून कमी लागले. उपकरणवाल्याला त्यांचे कोण कौतुक! कारण या यंत्रात आवाजाचे अनेक पट्टे पाडलेले असतात, आणि प्रत्येक पट्टा कानाच्या गरजेपुरताच वाढवला जातो. हळू आवाज जास्त, मोठा आवाज कमी. आम्ही दोन पट्टे पाडायला दोन महिने घेतले, येथे वाटाण्याएवढ्या जागेत ते काम होत होते. पहिल्याच दिवशी मित्राने मुलीला दूरध्वनी केला आणि बराच वेळ नुसते ऐकत राहिला.

गाण्याची कथा मात्र लगेच सुटली नाही. श्रवणयंत्र लावून तंबोरा ऐकला तर तार थरथरू लागली, जणू कोणी ती पाण्यात धरली आहे. श्रवणयंत्राला शिट्टी वाजू नये म्हणून त्यात जी योजना असते ती लांबलेल्या स्थिर सुरालाच शिट्टी समजते आणि तो पुसायला धावते. षड्ज लावून बसलेला तंबोरा तिच्या दृष्टीने गुन्हेगारच. ध्वनिश्रवण तज्ज्ञ बाईंना तंबोऱ्याची ध्वनिफीत ऐकवली तेव्हा त्यांनी संगीतासाठी एक वेगळी मांडणी करून दिली, त्यात ती योजना बंद. आता घरी आला की तो कानामागची कळ दाबतो, चष्मा सारखा करतो आणि आमच्या पुढच्या खुर्चीत बसतो.

त्यामुळे एक नवाच वाद उभा राहिला आहे. ट्वीटर आहे त्याहून अर्धा डेसिबल खाली हवा, फार टोचतो, असे त्याचे म्हणणे आहे. आलेख सपाट आहे, तेव्हा हात लावायचा नाही, असे उपकरणवाला म्हणतो. बँकवाला दोघांनाही चहा देतो. येत्या रविवारी पडदा पुन्हा लावायचा आहे.